फ्रान्सला गेलेलं उंबराचं पाणी

१२ नोव्हेंबर २००२

थॉमस उद्या येतोय. बरोबर फ्रेंच साहेब! फोनवर म्हणाला, बाय, पाहुण्याच्या खोलीतली चादर तेवढी बदल. जसं काही मी त्या माणसाला गोणपाटावर निजवणार होते! आई गेली तेव्हा हा माझा धाकटा भाऊ चौथीत होता. त्याच्या चादरी, चड्ड्या, आजारपणं सगळं मीच काढलं. त्यात माझं लग्न राहून गेलं. त्याचं फार काही वाटत नाही, पण चादरीचं मला शिकवू नये.

आधी बोटीवर होता, मग बोट सोडून तिकडेच राहिला. फ्रान्समध्ये एक भलंमोठं उद्यान आहे. पाळणे-घसरगुंड्या नाहीत, नुसते इतिहासाचे खेळ. पडक्या किल्ल्यासमोर त्या मुलखातली साधी माणसंच पूर्वजांचे कपडे घालून लढाया करतात, लग्नं लावतात. हा तिथे आधी तबेला झाडायचा, मग खेळात खलाशी झाला, आता खेळ बसवणाऱ्या साहेबाचा उजवा हात. अमेरिकेच्या कुठल्याशा संस्थेने त्यांना मोठं बक्षीस दिलं, तेव्हापासून जपानहूनसुद्धा बसगाड्या भरून लोक येतात म्हणे. बसगाड्या जपानहून कशा येतील? थॉमसच्या बोलण्यातला निम्मा भाग सोडून द्यायचा, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

आता नवा खेळ बसतोय — पोर्तुगीज गलबत पूर्वेच्या एका बंदराला लागतं. ते बंदर म्हणजे आपली वसई!

१५ नोव्हेंबर

साहेबाचं नाव ज्यूल. उंच, हडकुळा, डोळे निळे. बोंबलाचं कालवण खाऊन रडला, पण पुन्हा मागून घेतलं — तेव्हापासून मला आवडायला लागला. दिवसभर किल्ल्यात फिरला. बंदर दरवाजापाशी उभा राहून हातांनी काय काय मापत होता.

त्याला खेळात लग्न हवंय. आमच्या वसईतलं ख्रिस्ती लग्न, जुन्या पद्धतीचं. थॉमसने त्याला उंबराच्या पाण्याबद्दल सांगितलं — आदल्या दिवशी बायका वाजतगाजत जातात, विहिरीचं पाणी आणतात, नवरीला न्हाऊ घालतात, आणि पुढे एकजण गाणं सांगते. ती एकजण आमच्या गावात मी. माझ्या आधी बेटीबाय. तिचे दात गेले आणि गाणं माझ्याकडे आलं.

थॉमस सगळ्यांसमोर म्हणाला, "बाय, तू तिथे गाणार. दहा हजार माणसांपुढे." मी म्हटलं, जा रे, काहीतरीच. पण झोप नाही आली, हे खरं.

१९ नोव्हेंबर

आज गाणं टेप केलं. त्यावरून आधी भांडण. साहेबाला मी नुसती खुर्चीवर बसून गायला हवी होती. बेटीबाय काठी आपटत उठली — "नवरी नाय तर गानं नाय." बरोबरच आहे. मयताशिवाय कोणी घंटा वाजवतं का? मग मीच अडून बसले. शेवटी चुलतभाऊ ॲन्सेल्मच्या सँड्राला लाल लुगडं नेसवून पाटावर बसवली. वाजवायला घुमट आला, कळशा आल्या, उंबराची डहाळी आली. सँड्राची आई क्लेमेंटीन खोट्या लग्नात खरंच रडली. ज्यूलला तर लॉटरी लागल्यासारखं झालं!

गाणारीने आमच्यात तोंड दाखवायचं नसतं. डोक्यावरून पदर ओढून मागे चालायचं, कारण दिवस नवरीचा असतो. त्यामुळे कॅमेऱ्यात माझा फक्त पदर आला. ज्यूल काहीतरी बोलला. थॉमसने सांगितलं, तो म्हणतो हे फारच छान झालं.

४ जानेवारी २००३

पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखी दिसते. नालासोपाऱ्याहून स्वेटर आणला, निळा. शाळेत मुलं रोज सकाळी "बोंजूर टीचर" म्हणून ओरडतात. मुख्याध्यापिकेने दोनदा समज दिली. मला मात्र गंमत वाटते.

संध्याकाळी माझ्यामागे सूर धरणाऱ्या आठ बायकांना अंगणात जमवून सराव घेते. सँड्राचा गळा गोड आहे, पण श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. तिला जवळ बसवून शिकवते.

११ फेब्रुवारी

फ्रान्सला जाणाऱ्यांची नावं आली. आठ बायका, सँड्रा नवरी. माझं नाव नाही.

१२ फेब्रुवारी

थॉमसला फोन लावला. म्हणाला, फ्रेंच लोकांनी वय बघितलं बाय, थंडीत रोज रात्री उभं राहायचं, विमा मिळत नाही. पुढच्या वर्षी नक्की. त्याचा आवाज अगदी पडला होता. त्याला किती वाईट वाटत असेल! मीच त्याची समजूत काढली.

क्लेमेंटीन म्हणाली, बावन्न म्हणजे काय म्हातारं वय आहे का? मी तिला गप्प केलं. माझ्या भावाबद्दल कोणी बोललेलं मला खपत नाही.

स्वेटर सँड्राला दिला.

६ एप्रिल

बायका गेल्या. थॉमससाठी सुके बोंबील आणि लोणचं सँड्राच्या बॅगेत घातलं. रस्त्यावर उभी राहून हात केला. सँड्राला म्हटलं, दुसऱ्या कडव्याला घाई करू नकोस.

२९ जून

पेपरात आलं! आतल्या पानावर, पण आलं. त्या उद्यानाला आणखी एक आंतरराष्ट्रीय मान, आणि नव्या खेळात वसईच्या लोकगीतावर सगळा युरोप फिदा. गाणारीचं नाव नव्हतं. नसतंच नाव, गाणं गावाचं असतं. तरी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

देवळातल्या मिस्सानंतर लोक येऊन माझा हात हातात घेत होते. घरी येऊन आईच्या फोटोला सांगितलं, तुझ्या थॉमसने नाव काढलं.

९ ऑक्टोबर

बायका परत आल्या. तीन दिवस झाले, एकजणही माझ्याकडे फिरकली नाही. सँड्राने सेंटची बाटली भावाच्या हाती पाठवली. रस्त्यात भेटली तर म्हणते, आंटी, घाईत आहे. कसली घाई? नोकरी सोडून बसलीय ती!

बेटीबाय म्हणते, तिकडची हवा लागली पोरींना. तसंच असेल. गायल्या कशा, एवढं तरी येऊन सांगावं ना.

२ नोव्हेंबर

रात्र फार झाली. तरी आजच लिहायला हवं.

आज मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळं गाव कबरस्तानात. मी आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावत होते. वारा होता, एक लावली की दुसरी विझायची. तेवढ्यात देवळात घंटा वाजवणारा सॅन्टन दोन गोऱ्या माणसांना घेऊन आला. नवरा-बायको, साठीचे. बाईच्या हातात शेवंतीची कुंडी, पिवळीधमक. सॅन्टनचा चेहरा विचित्र झाला होता. म्हणाला, "टीचर, हे लोक तुमची कबर विचारतात."

मी हसले. मला वाटलं, बिचाऱ्याला इंग्रजी कळलं नाही.

बाई तोडक्या इंग्रजीत सांगायला लागली. खेळ त्यांनी तीनदा पाहिला. नवरी न्हाऊन होते, गलबत निघून जातं, सगळे दिवे विझतात. मग अंधारात एकटा आवाज येतो — टेपवरचा. एक माणूस पुढे येऊन सांगतो की हे गाणं येणारी वसईची शेवटची बाई, इनेझ, हे गाणं आम्हाला देऊन त्याच हिवाळ्यात वारली. तो तिचा सख्खा भाऊ. रोज रात्री रडतो. मग नवरी एक दिवा पाण्यात सोडते आणि दहा हजार माणसं उभी राहतात. त्यांच्याकडे आजच्या दिवशी कबरीवर शेवंती ठेवतात, म्हणून ती दोघं इतक्या लांबून शेवंती द्यायला आली होती. मुंबईला उतरून फुलं कुठे मिळतील म्हणून अर्धा दिवस हिंडली होती.

मी म्हटलं, इनेझ मीच.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो अगदी सभ्यपणे म्हणाला की नाही, असं नसेल, दुसरी कोणी असेल, कारण तिचा भाऊ आम्ही डोळ्यांनी पाहिला. आता बोला! माझ्याकडे मी जिवंत असल्याचा पुरावा मागत होते, तेही हात जोडून.

मग मी पदर डोक्यावर ओढला आणि गाण्याची पहिली ओळ म्हटली. कबरस्तानात. नवरी नसताना. आजूबाजूची सगळी माणसं वळून बघायला लागली. ती बाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग मलाच तिला धरून उठवावं लागलं.

घरी आणून चहा दिला. माझं मेलीचं नशीब बघ — माझ्या मयताला आलेल्या पाहुण्यांना चहा मीच केला!

कुंडी विसरून गेले की मुद्दाम ठेवली, कळत नाही. ओट्यावर आहे.

४ नोव्हेंबर

थॉमसचा फोन लागला. वाटलं होतं, नाही म्हणेल. म्हणेल, बाय, चूक झाली, त्या ज्यूलने केलं. नाही! समजावून सांगत होता मला, शाळेतल्या पोराला समजवावं तसं. म्हणे नुसतं गाणं लोकांना कितीसं पोचणार? गाणारी गेली म्हटल्यावर पोचलं. त्याच खेळावर बक्षीस मिळालं. तुला मान मिळाला बाय, दहा हजार माणसं तुझ्यासाठी उठतात.

मी विचारलं, मी जिवंत आहे हे सांगून नसती उठली?

तो म्हणाला, "जिवंत बाईसाठी कोण उभं राहतं, बाय?"

मी फोन ठेवला. चौथीतला पोर डोळ्यांपुढून जात नाही. तापात माझ्या मांडीवर पडून असायचा. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात — इथे वैद्याला खरोखरच मारून टाकलं!

म्हणजे वय नव्हतं, विमा नव्हता. मेलेली बाई विमानात कशी बसवणार?

७ नोव्हेंबर

सँड्रा आली. आली म्हणजे बेटीबायने दंडाला धरून आणली. रडत होती. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी थॉमसने सांगितलं त्यांना. आठहीजणींना. बोलायचं नाही म्हणून. "आम्ही काय करणार होतो, आंटी? परत कशा येणार?" रोज रात्री तो दिवा हिनेच पाण्यात सोडला — माझा निळा स्वेटर आतून घालून!

मी म्हटलं, तिथे नाही बोललीस, समजलं. इथे येऊन महिना झाला. इथे कोणी तोंड धरलं होतं?

ती ओढणीने नाक पुसत राहिली. बेटीबाय मात्र बोलली. तिच्या सात पिढ्या काढल्या. क्लेमेंटीनच्या दारात मी पाय ठेवणार नाही म्हणाली. म्हातारी माझ्यासाठी एवढी पेटलेली पाहून मला पहिल्यांदा रडू आलं. एवढं तरी माणूस माझं आहे.

३० नोव्हेंबर

गाव हळूहळू दुसऱ्या अंगाने बोलायला लागलं. अगं पण वसईचं नाव झालं ना. अगं पण भाऊच तो, पोटात माया आहे म्हणूनच रडतो. पुढच्या हंगामाला आणखी दहाजणी न्यायच्या आहेत. ज्यांच्या मुलींची नावं यादीत जाण्यासारखी आहेत, त्या बाया माझ्याशी फार गोड बोलतात. मी गप्प राहावं एवढंच त्यांना हवंय. मी बोलले तर खेळ बंद पडेल म्हणे.

मी कुठे बोलतेय? कोणाला सांगणार? मुख्याध्यापिका म्हणाली, तुम्ही मनाला फार लावून घेता.

८ जानेवारी २००४

सँड्राचं लग्न ठरलं. खरं. अठराला देवळात, सतराला उंबराचं पाणी.

गाणारीला बोलवायला नवरीच्या आईने स्वतः यायचं असतं, नारळ आणि विडा घेऊन. क्लेमेंटीनला यावंच लागेल. माझ्याशिवाय गाणं आहे कोणाकडे? बेटीबायला दात नाहीत, सँड्रा तर स्वतः नवरी. येऊ दे. उत्तर तयार आहे — मेलेल्या बाया गात नाहीत, वहिनी. हसत हसत म्हणायचं. मग दार लावून घ्यायचं.

१३ जानेवारी

आली नाही अजून. लाजत असेल.

१५ जानेवारी

अंगणात जाऊन हळूच गाऊन पाहिलं. गळा बसलाय. काढा केला. जायचं नाहीच आहे, पण पोरीचं खरं लग्न आहे. तिची काय चूक — बावीस वर्षांची पोर, परका देश. क्लेमेंटीन नुसती दारात उभी राहिली तरी पुरे. नारळसुद्धा नको. लुगडं उन्हात घातलं.

बेटीबाय दोन दिवस दिसली नाही. पाय दुखत असेल.

१७ जानेवारी

कोणी आलं नाही. लुगडं नेसून ओट्यावर बसून होते. संध्याकाळी क्लेमेंटीनकडून घुमट वाजला, आणि पाठोपाठ कर्ण्यावर गाणं — माझा आवाज! फ्रान्सच्या खेळाची सीडी लावली होती. तिसऱ्या कडव्याआधी मी खाकरले होते, तेसुद्धा आलं. मग मांडवातल्या बायकांनी मागून सूर धरला. सगळ्यांच्या वर, बिनदाताचा, बेटीबायचा.