सातवी ओळ

१० जून
ड्रोनचे फोटो तपासत होते. शेजारच्या व्हर्लिनकाकांच्या मक्यात बारा ओळींच्या प्रत्येक पट्ट्यात एक ओळ रिकामी — जाताना डावीकडून सातवी, येताना उजवीकडून. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ही खूण मी ओळखते. बाबांच्या पेरणीयंत्राचा सातवा डबा दाणा सोडत नाही. कॉलेजात असताना मीच तो दोनदा खोलला होता.

मग काकांची जमीन बाबा कसतायत? आमच्या शेती-अनुदान कार्यालयाच्या कागदांवर काका स्वतः कसतात. अनुदान कसणाऱ्याला, तेही माणशी ठरावीक मर्यादेपर्यंत. मर्यादा ओलांडायची तर शेजाऱ्याचं नाव पुढे करायचं — जुनी युक्ती. गेल्या वर्षी काउंटीत दोघे पकडले गेले. दोघांचीही शेती गेली.

११ जून
ऑफिसात कुणाला बोलले नाही.

१२ जून
धान्यकोठाराजवळ बाबांची पिकअप समोरून आली. इथे अनोळखी माणसालाही नमस्कार म्हणून स्टीअरिंगवरून एक बोट उचलतात. बाबांनी मला पाहून बोट उचललं नाही. चाक घट्ट धरून सरळ बघत गेले.

चोराच्या मनात चांदणं.

१४ जून, रविवार
जेवायला बाबांकडे. दर रविवारी स्वतः मांस भाजतात. आज गावातल्या कॅफेतून सँडविच आणलेले.

"पेरणी कशी झाली?"

"झाली."

"यंत्र नीट चालतंय?"

"मोजणीबाई, रविवारी तरी सरकारला घरी ठेवून येत जा."

उजवा हात सगळा वेळ खिशात. खोटं बोलताना माणसं हात लपवतात म्हणे.

निघताना पाहिलं — यंत्राच्या शेडला कुलूप. आमच्या शेडला कधी कुलूप नव्हतं.

१५ जून
अहवाल लिहून ठेवला. पाठवला की काकांचं अनुदान थांबेल, बाबांचंही. मुलगी म्हणून बाबांची फाईल मला हाताळता येत नाही. ती वरच्या कार्यालयात जाईल. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही.

आधी काकांचं म्हणणं घ्यायचं. नियमच आहे.

१६ जून
काका अंगणात यंत्राखाली आडवे पडले होते. आमच्या यंत्राखाली. सातव्या डब्यावर माझंच ओबडधोबड वेल्डिंग.

"ये, इंजिनीअर! तुझ्या या डब्यानं माझं शेत बोडकं केलं बघ."

"हे इथे कसं?"

"विकत घेतलं. मार्चात." मग उठून बसले. "एमिलनं, तुझ्या बापानं, सांगितलं नाही तुला?"

"मग बाबांची पेरणी?"

चिंधीनं हात पुसत राहिले. "आम्ही केली. चार घरांनी मिळून. कुठे काय पेरायचं ते तोच बांधावरून सांगत होता. मदत घेणं गुन्हा आहे का तुमच्यात?"

"नाही."

"तेच मी त्याला म्हणत होतो. पण त्याला वाटतं, उजवा हात आखडून निकामी झाला म्हटल्यावर, आता हा कसणारा नाही म्हणून तू त्याची फाईल बंद करशील."

"मला विचारायचं तरी."

"पोरी, तू तरी कुठे विचारतेस? तू तपासतेस."

अहवाल पुसून टाकला. काकांच्या फाईलवर लिहिलं: पेरणी स्वतःची, यंत्र स्वतःचं.

१७ जून
बाबांना दवाखान्यात नेलं. म्हणजे, पिकअप त्यांनीच चालवली — एका हाताने. समोरून काकांची गाडी आली. बाबांचा उजवा हात मांडीवर मिटलेला होता, उघडत नव्हता.

मी शेजारून हात लांबवून स्टीअरिंगवर ठेवला आणि त्यांच्या वतीने बोट उचललं.