अर्थ कुठं लागतोय

३ फेब्रु., सोम.
फ्यूज पुन्हा उडाला. औरंगपुऱ्यात, डावीकडं वळताना. हॉर्न मुका, मागचे ब्रेकचे दिवे बंद. एक स्कूटीवाली मागून आदळता आदळता राहिली, आणि वर मलाच, "आजोबा, घरी बसा ना!" घरी बसायला मी काय कपाट आहे?

याच पिकअपमधून खडू, नकाशे, पाठ्यपुस्तकं पार अजिंठ्यापर्यंतच्या शाळांत पोचवली. तिसऱ्या गिअरला इंजिन असा ठेका धरतं की भुजंगप्रयात आपसूक जिभेवर येतं. आता ते शालेय सामानाचं दुकान नाही, फेऱ्या नाहीत. गाडी तेवढी आहे.

चिरंजीवांना सांगितलं. सतीश ताटातून मान वर न काढता म्हणाला, "विकून टाकू बाबा. वाळूजचं गिऱ्हाईक आहे." जणू वाटच बघत होता.

४ फेब्रु., मंगळ.
मुश्ताक वायरिंगवाल्याकडं. बॉनेट उघडून मान हलवली, "चचा, वायर कू कहीं तो अर्थ लग रा." म्हणजे तार कुठंतरी बॉडीच्या लोखंडाला टेकते. हसू आलं. शाळेत गुरुजी छडी आपटून विचारायचे, अर्थ लागला का? आम्ही सगळे खाली मान. आणि इथं अर्थ लागला की फ्यूज उडतो!

त्यानं हॉर्न बदलला. म्हणे झालं.

५ फेब्रु., बुध.
कसलं झालं! डाव्या वळणावर आज फ्यूज उडाला नाही, धूरच आला. बघतो तर पठ्ठ्यानं फ्यूजच्या जागी जाड तार पिळून ठेवलेली. मी त्याच्या दुकानासमोर उभा राहून ओरडलो. एवढं तर मी गुरुजींच्या नावानंही कधी ओरडलो नव्हतो.
"मला जाळायचं का रे?"
"चचा, उडता था ना फ्यूज? अब उडताच नई."
हात उगारला होता. खाली घेतला. शनिवारी सगळं खोलून बघतो म्हणाला.

६ फेब्रु., गुरु.
पैठणला जाता आलं नाही. रंग्याच्या सुनेचा फोन, "काका, येणार नाय का आज? सकाळधरनं दारात बसलेत, टोपी घालून."

रंग्या माझा पाचवीचा बाकसोबती. पुढं जन्मभर मागावर पैठणी विणली. लकवा मारल्यापासून बोलता येत नाही, पाणी मागायचं तर नुसता हात हलवतो. पण वर्गातल्या कवितेची पहिली ओळ दिली की पुढचं कडवं जसंच्या तसं म्हणतो. घरात नाही. घरात टीव्ही, नातवंडं. पिकअपच्या केबिनमध्ये बसवायचं, धरणाकडं न्यायचं, इंजिन बंद करायचं, मग म्हणतो. एखादा गुरुवार चुकला की एखादं कडवं कायमचं जातं. दिवाळीत चुकला होता, पावसाच्या कवितेचा शेवट गेला तो गेलाच.

एस्टीनं जाईन मी. पण केबिन कुठून नेऊ?

सतीशला यातलं काही माहीत नाही. ही गेल्यापासून त्याचा हुकूम आहे, शहराबाहेर गाडी न्यायची नाही. मी गुरुवारी इथंच, शहरातल्या गारखेड्याला भजनाला जातो असं सांगत आलोय. माझीच गाडी, माझाच मित्र, आणि चोरासारखं जायचं. या वयात! संताप येतो. कुणाला सांगणार?

८ फेब्रु., शनि.
सापडलं.

मुश्ताक सीटखाली उताणा, मी स्टिअरिंग हळूहळू डावीकडं फिरवतोय. कडेला येताच ठिणगी. एक बारीक तार, वरचं आवरण घासून गेलेलं, स्टिअरिंगच्या दांड्याला टेकत होती. "ये कंपनी का वायर नई है चचा." तार ओढत गेला तर डॅशबोर्डच्या मागं काड्यापेटीएवढी काळी डबी, टेपनं चिकटवलेली.
"जीपीएस है. गाडी किदर है, मोबाइल पे दिखता. किसने बिठाया?"
"मीच," म्हणालो.
"तुमने? फिर हफ्ताभर मेरा दिमाग कायको खाया?"
काय सांगू त्याला. तार तोडून डबी खिशात घेतली.

सतीशशिवाय बसवणार कोण? म्हणजे त्याला सगळं दिसत होतं. मी गारखेडा म्हणायचो, तो "बरं" म्हणायचा. बरं! मला माझ्याच घरात खोटं बोलू दिलं आणि वर चहा पाजला.  लिहवत नाही.

९ फेब्रु., रवि.
जेवताना डबी ताटाशेजारी ठेवली. सूनबाई उठून आत गेली.

सतीश म्हणाला, "दर गुरुवारी गाडी धरणाच्या कडेला उभी असते, बाबा. दोन-दोन तास. इंजिन बंद. आई गेल्यापासून तुम्ही धड बोलत नाही. मी काय समजायचं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्याला भीती होती ती धरणाच्या पाण्याची. पोरगं ऑफिसात बसून दर गुरुवारी तो ठिपका बघत होतं. ठिपका हलेपर्यंत. म्हणून गाडी विकायची.

"विचारायचं होतंस!"
"विचारलं होतं. तुम्ही गारखेडा म्हणालात."

रंग्याचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून विश्वास बसल्यासारखं दिसलं नाही. एरवी मुका, पण ओळ दिली की बोलणारा माणूस, कविता, केबिन... मलाही ते बोलताना थापच वाटली. गिऱ्हाईक येत्या रविवारी येतंय, एवढंच म्हणाला. गाडी आता झकास चालते ना, भाव चांगला येईल! स्वतःच्या हातानं दुरुस्त करून घेतली मी.

१३ फेब्रु., गुरु.
सकाळी गाडीपाशी गेलो तर सतीश डाव्या सीटवर बसलेला. ऑफिसचे कपडे. "चला," म्हणाला. तपासायलाच आला होता.  पैठणपर्यंत तिसऱ्या गिअरला इंजिन एकटंच भुजंगप्रयात म्हणत होतं.

रंग्याला मध्ये बसवलं. धरणाकडं नेलं. पहिली ओळ दिली. काही नाही. पुन्हा दिली. नुसता काचेबाहेर बघत राहिला, हात हलवून पाणी मागितलं. दुसरी कविता. नाही. सतीश माझ्याकडं बघत होता, वेड्याकडं बघावं तसं. रंग्याला गदागदा हलवावंसं वाटलं. म्हण रे, एकदा तरी म्हण!

मग सतीशचा फोन वाजला. उतरून पाण्याच्या दिशेनं गेला. केबिनचं दार सताड उघडं. आणि रंग्या सुरू. दुसरं कडवं आधी, मग पहिलं, मध्ये एक ओळ गाळून, पण मोठ्यानं, वर्गात म्हणायचा तसं खणखणीत. टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

सतीश पाठमोरा होता. फोन कानाला होता, पण बोलत होता की नुसता धरून उभा होता, ते कळलं नाही. रंग्या थांबल्यावर जरा वेळानं आला. दार लावून घेतलं.

 परत येताना रविवारच्या गिऱ्हाइकाचं त्यानं नाव काढलं नाही. मी विचारलं नाही. सांगायचं तर त्यानंच सांगावं.