चार नंबरची खिडकी

१६ फेब्रुवारी, रविवार

दाउवे आला! अकरावं वर्ष. गाडीला उशीर, बसला उशीर, खांद्यावर त्याच्या त्या जुन्या स्की, आणि दारातच नेहमीचा प्रश्न — "चार नंबर आहे ना?" जशी काही मी ती खोली दुसऱ्या कुणा पाहुण्याला देणार होते!

आई आतून ओरडली, "पुलवाला आला वाटतं. बूट खालीच काढ म्हणावं." तो फ्रीसलंडचा. सपाट मुलूख, कालवेच कालवे. त्यातल्या एका कालव्यावरचा पूल बोटी आल्या की उचलायचा आणि गेल्या की टेकवायचा, हे त्याचं काम. बोटी सगळ्या उन्हाळ्यात. म्हणून रजा फक्त हिवाळ्यात, आणि म्हणून आमचा डोंगर त्याने पांढराशुभ्र सोडून कधी पाहिलेलाच नाही.

मीही ठेवणीतला एप्रन घातला होता. केस विंचरलेले. आईने पाहिलं, बोलली काही नाही. आश्चर्यच.

१८ फेब्रुवारी

सकाळी पावाची टोपली ठेवायला गेले तर म्हणाला, "आज कोल्हा आला होता." माणसांना डोंगरावर नेणारी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, यंत्राने उतारावरचं बर्फ विंचरून ठेवलेलं असतं, सगळं निळसर, आणि त्याच्या बरोबर मधून कोल्हा खाली उतरतो. सावकाश. तिकीट काढल्यासारखा. "तुम्ही तर रोजच पाहत असाल."

मी म्हटलं, हो.

खोटं! मी तो कधीच पाहिलेला नाही. आज लिहूनच टाकते, कागदाला काय. चार नंबर ही माझी खोली. पलंग माझा, गादी माझी. वीस डिसेंबर आला की मी आणि आई कपडे, चष्मे, देवाची तसबीर उचलतो आणि तळघरात बॉयलरशेजारी राहायला जातो. ईस्टर झाला की वर. गावातली निम्मी घरं असंच करतात, बोलत कुणी नाही. पाहुण्याला कळलं तर तो अवघडतो आणि अवघडलेला पाहुणा परत येत नाही — हे आईचं म्हणणं.

तळघराला वीतभर झरोका आहे. जानेवारीत तोही बर्फाने बुजतो. मग सगळा हिवाळा त्यातून निळा उजेड येतो, दुधात शाई पडल्यासारखा. मी त्या उजेडात पडून राहते आणि त्याने सांगितलेलं सगळं बघते.

२ मार्च

गेला. बसमध्ये चढताना त्याने विचारलं, "उन्हाळ्यात कसं दिसतं हो?"

मी म्हटलं, "हिरवं."

काय हे उत्तर! दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या.

२२ एप्रिल

वर आलो. आई म्हणाली, "चला, उंदरांची माणसं झाली."

खिडकी उघडली. बर्फ गेलंय आणि नुसत्या पिवळ्या मेल्या गवतातून क्रोकसची फुलं वर आलीत, पांढरी, जांभळी, हजारो. दोन दिवस उतार परत पांढरा दिसतो. हे त्याला सांगायला हवं होतं, "हिरवं" काय!

गादीत डाव्या बाजूला खळगा पडलाय. कापूस झोडून सारखा करता येईल. नाही केला. मी उजवीकडे झोपते.

११ जून

पत्र! त्याचा पूल आता दूरच्या कुठल्या कचेरीतून बटणावर उचलतात. त्याला महिनाअखेरीपासून घरी बसवताहेत. "आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळा मोकळा आहे. जुलैत दोन आठवडे येतो. चार नंबर, नेहमीप्रमाणे."

मेले!

आई म्हणाली, "खोल्या भरल्यात म्हणून सांग."

"उन्हाळ्यात? आपल्याकडे?"

"मग छप्पर गळतंय म्हण."

खोलीची भीती नाहीच मला. हा डोंगर उन्हाळ्यात कसा दिसतो ते माहीत आहे. काटेरी झुडपं, शेण, लिफ्टचे उघडे खांब, बर्फ उडवणारी यंत्रं रांगेत तोंड वासून उभी. आणि मी — रबरी बूट, डोक्याला फडकं, अंगाला गोठ्याचा वास. तो ज्या गावावर जीव टाकतो ते बर्फाबरोबर वितळून जातं. खाली उरते ती मी.

तरी लिहिलं, ये.

५ जुलै

आला. दोन नंबर दिली. चारला रंग लावतोय म्हणून सांगितलं. त्याने मान डोलावली.

अंगणात उभा राहून बराच वेळ बघत होता. "डोंगर हलवलात की काय?" जिथून तो दोन मिनिटांत घसरत खाली येतो तो उतार दुपारी चढायला गेला. दोन तासांनी परतला — लालबुंद, धापा टाकत, पॅंटला शेण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र म्हणाला, "इथे घंटा वाजतात! हिवाळ्यात कुठे असतात त्या?"

"गोठ्यात. गाईंच्या गळ्यात."

८ जुलै

गवत कापणी. ऐकेना, आलाच मदतीला. आई ऐंशीच्या घरातली, पण कुंपणावर बसून जीभ चालूच. "अहो पुलवाले, दाताळं ओढायचं असतं! वर काय उचलताय, बोट यायचीय का?" हसता हसता तो गवतात बसला. तळहातांना फोड आलेत. मी फडकं फाडून बांधलं. त्याचे हात एवढे मोठे आहेत हे अकरा वर्षांत लक्षात आलं नव्हतं, हातमोजेच असायचे.

९ जुलै

कळलं त्याला.

मी घामेजलेलं पोलकं बदलायला शेतावरून आले. चार नंबरचं दार उघडं. तो उंबऱ्यावर. आत पलंगावर माझा झोपायचा झगा, उशाशी चष्मा.

"मला फक्त ती खिडकी उन्हाळ्यात बघायची होती," म्हणाला. मग थांबून, "रंगाचा वास येत नाहीये."

मी पुढे होऊन उशाशेजारचा चष्मा उचलला.

"ही तुमची खोली आहे."

"हो."

"हिवाळ्यात कुठे झोपता मग?"

आता लपवून काय करायचं? खाली नेलं. दोन लोखंडी खाटा, बॉयलर, वाळत घातलेले कपडे, तो झरोका. त्याला नीट उभंही राहता येईना, वाकूनच बघत होता.

"अकरा वर्षं?"

"छे, मी तर लहानपणापासून." वाटलं, हसेल. नाही हसला. वर गेला. जेवायलाही आला नाही.

आई म्हणाली, "गेलं गिऱ्हाईक."

१० जुलै

दिवसभर डोंगरावर.

१२ जुलै

आज बोलला. गवताच्या गंजीपाशी बसलो होतो. रागावलेला नव्हताच. लाजलेला होता! "दर वर्षी मी तुम्हाला तुमच्याच खिडकीतलं ऐकवत बसलो. कोल्हा काय, उजेड काय. तुम्ही खालून वर येऊन ऐकून घ्यायचात."

"मला आवडायचं."

"मग आता तुम्ही सांगा. उन्हाळ्यातलं."

सांगितलं. क्रोकसचे दोन दिवस सांगितले. मे महिन्यात खांबांवर पाकोळ्या ओळीने बसतात ते सांगितलं. समोरच्या कड्यावर सगळ्यात शेवटी ऊन कुठे मावळतं ते. ढग खाली उतरले की घर तरंगल्यासारखं वाटतं ते. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला. "थांबू नका," म्हणाला.

मला हा माणूस हवा आहे. लिहिलं बाई एकदाचं.

१९ जुलै

गेला. बसपाशी मी विचारलं, "फेब्रुवारीत येणार ना?"

"त्या खोलीत मला आता झोप यायची नाही, सेंझी."

पहिल्यांदा नावाने हाक मारली. आणि ती अशी.

१४ सप्टेंबर

गाई वरच्या कुरणातून खाली आल्या. पत्र नाही.

२ नोव्हेंबर

नाही.

३० नोव्हेंबर

एक जोडपं फेब्रुवारीसाठी चार नंबर मागतंय. आई म्हणते देऊन टाक. अजून उत्तर दिलेलं नाही. तो येणार नाही हे मला समजतंय, हात लिहायला तयार नाही, एवढंच. वेडी आहे मी.

२० डिसेंबर

सकाळपासून बर्फ. तसबीर काढली, पांघरुणं गुंडाळली. मी जिन्यात उशा घेऊन उभी, आणि दारात दाउवे! दोन मोठ्या बॅगा. स्की नाहीत.

"बॉयलरवर लक्ष ठेवायला माणूस हवाय का? मशीन सांभाळायचं काम येतं मला. तळघरातली एक खाट पुरे. तुम्ही वर झोपा, तुमच्या खोलीत."

मला रडूच फुटलं. उशा तशाच हातात. पत्र का नाही टाकलं म्हणून विचारलं तर म्हणे, घर विकायचं होतं, ते होईपर्यंत काय लिहिणार?

आई म्हणाली, "आणि मी काय पुलवाल्याशेजारी झोपू?"

तिला स्वयंपाकघरालगतची पाहुण्यांची खोली दिली, भाडं बुडलं तर बुडलं. खूश आहे, दाखवत नाही.

२१ डिसेंबर

पहाटेपासून खिडकीशी. कोल्हा आला नाही. पण आपल्या पलंगावर बसून पडणारं बर्फ बघणं — बावन्न वर्षांची झाले तेव्हा कुठे हे कळलं. कितीतरी वेळ खाली गेलेच नाही. पाव करपले.

२७ डिसेंबर

फोन वाजला. आईने घेतला. तेच फेब्रुवारीवालं जोडपं असणार. आई मोठ्याने म्हणाली, "चार नंबर आता मिळायची नाही. तिथे माझी मुलगी आणि जावई राहतात."

दाउवे जिन्यातच उभा. त्याने मला अजून विचारलेलंसुद्धा नाही!

आईने फोन ठेवला आणि त्याच्याकडे वळली. "बघताय काय? सामान वर न्या."

एका बॅगेचा एक बंद मी धरला.