नेलपॉलिशच्या तीन खुणा

खोलीवरून,
३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काल तुला चार वेळा फोन लावला. चारही वेळा तू हो हो, बरं बरं म्हणालास आणि ठेवून दिलास. अरे, मी विचारत होते की अ‍ॅम्प्लिफायर कोणता घेऊ, आणि तू म्हणतोस बरं! म्हणून आता हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस.

इथे येऊन पाच महिने झाले. दिवसभर लॅबमध्ये कवळ्या बनवते. समोर बत्तीस-बत्तीस दात मांडलेले, पण बोलणारं तोंड एकही नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई कानात बोळे घालून घासकाम करतात, त्यामुळे त्यांच्याशी गप्पा म्हणजे खुणांनीच. खोलीत खुर्ची एक, कप एक. मागच्या महिन्यात एका सोमवारी जिन्यात कोणीतरी वेळ विचारली तर उत्तर द्यायला घसा खाकरावा लागला. शुक्रवार संध्याकाळपासून तोंड उघडलंच नव्हतं रे.

पण बातमी चांगली आहे. चष्म्याच्या दुकानात काचेवर चिठ्ठी होती, बँडला बेस गिटार वाजवणारं माणूस हवंय. चष्मेवाला स्वतः गिटार वाजवतो, एक नर्सबाई गातात, ड्रमवर बसचे ड्रायव्हरकाका. दर रविवारी दुपारी टायरच्या गोदामावरच्या खोलीत सराव. तू जोडून दिलेली माझी चार तारांची बेस घेऊन मी गेले, आणि त्यांनी मला बसवून घेतलं. आधीचा वाजवणारा गाव सोडून गेला, आता त्याचा अ‍ॅम्प्लिफायरही नेतोय. मला माझा आणायला सांगितलंय. तूच सांग, काय बघून घेऊ?

तब्येत सांभाळ. मामीच्या माघारी दुकानातच जेवतोस असं आई म्हणत होती. ते बरं नाही.

तुझी,
घुमी

*

दुकानातून,
९ फेब्रुवारी

चि. घुमीस,
अ. उ. आ.

दुकानाची फोनची लाइन खराब आहे. नुसती खरखर. लिहीतच जा, तेवढंच तुझं शुद्धलेखन सुधारेल.

लहानपणी पाहुणे आले की कपाटामागे लपणारी तू बँडमध्ये गेलीस, याचा मला इतका आनंद झाला की समोरच्या घड्याळजीला दोनदा सांगितलं. आता नीट वाच. पत्रातून आवाज निवडून देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण चाळीस वर्षं लाउडस्पीकर दुरुस्त केलेत, तेव्हा थोडं हाकतो.

दुकानात एकटी बसून अ‍ॅम्प्लिफायर पसंत करू नकोस. काचेच्या खोलीत सगळेच गोड बोलतात. खालचे सूर ढगासारखे भरून येतात, पोट थरथरतं, आणि माणूस भुलतो. बँडमध्ये तळाशी ढोल बसलेला असतो, वरती गिटार आणि गाणारी बाई. तुझी जागा मधली. म्हणून मिडलचा नॉब महत्त्वाचा. ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, तिखटासारखं चवीपुरतं, हे तुला शिकवलंच आहे. आणि ताकद भरपूर हवी. कमी ताकदीचा ओरडतो, पण पोचत नाही.

आणखी एक. तो जमिनीवर, कोपऱ्यात ठेवू नकोस. खुर्चीवर चढव. तुझे कान गुडघ्यांत नाहीत.

परत करायच्या बोलीवर आण आणि चौघांत वाजवून बघ. जेवणाची काळजी करू नकोस. आशीर्वाद आहेतच, शहाणपण तुझं तू आण.

मामा

*

खोलीवरून,
१५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. शिव्या आताच घालून घे, मग पुढे वाच.

दुकानात एक लहानसा अ‍ॅम्प्लिफायर होता. वाजवला आणि मामा, काय सांगू! मऊ, खोल, कोणी पाठीवर हात ठेवल्यासारखा. आणला. शनिवारी आख्खा दिवस खोलीत त्याच्यासमोर बसले. भिंतीसुद्धा बरोबर गुणगुणत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खोली भरलेली वाटली. मला वाटतं, मी आवाज नाही, सोबत पसंत केली.

काल सरावाला नेला, आणि मी नाहीशीच झाले. ढोल सुरू झाला की माझं एक अक्षर ऐकू येईना. खुर्चीवर चढवला, तरी तेच. आवाज वाढवला तर तो फाटायला लागला. दोन गाण्यांनंतर नर्सबाईंनी वळून विचारलं की तू वाजवतेयस ना? मी मान हलवली.

शेवटी ड्रायव्हरकाकांनी मला बाजूला घेतलं. २१ मार्चला वाचनालयाच्या आवारात कार्यक्रम आहे, आणि दुसरा एक वाजवणारा विचारून गेलाय, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला. ७ मार्चच्या सरावात मी ऐकू आले तर मी, नाहीतर तो. वाईट माणूस नाहीत. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणशील. म्हण. पण रविवार गेला तर माझ्याकडे आठवड्यात काहीच उरत नाही. अ‍ॅम्प्लिफायर आज परत केला. दुसरा निवडायची हिंमत नाही. तू निवड.

तुझी मूर्ख,
घुमी

*

दुकानातून,
२१ फेब्रुवारी

चि. घुमीस,
अ. उ. आ.

शिव्या घातल्या. घड्याळजीने मोजल्या.

आता ऐक. मागच्या खोलीत एक जुना धटिंगण पडून होता, लाकडी पेटीचा, पंधरा इंची स्पीकरचा. सभागृहं हलवून आलाय तो. त्याला उघडला, आतलं झिजलेलं सगळं बदललं, स्पीकरचा कागद चिकटवला. तीन दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. लोकांचे रेडिओ बोंबलत पडलेत, म्हणजे बोंबलत नाहीत हीच तक्रार आहे.

शेवटी तुझ्यासाठी लावून ठेवला. भाड्याने देताना करायचो तशा तिन्ही नॉबवर खुणा केल्यात, मामीच्याच लाल नेलपॉलिशने. बाटली अजून अर्धी आहे. ती लावायची नाही फारशी, आणायची मात्र हौसेने. खुणांना हात लावायचा नाही. चाळीस वर्षांचा कान आहे तो.

ट्रकने पाठवतोय. उचलायला दोन माणसं घे, म्हैस आहे नुसती. ७ तारखेला तुला कोण ऐकत नाही ते बघतो.

लोभ आहे, तो मुरत घातलेला आहे.

मामा

*

खोलीवरून,
४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

म्हैस पोचली. लगेच लावली, तुझ्या खुणांवर.

राग मानू नकोस मामा, पण हा आवाज तुझा नाही वाटत. पत्र्यावर खिळा ओढावा तसा टोचतो. प्रत्येक तार आधी किरकिर करते, मग बोलते. पाच मिनिटांत माझे दात आंबले, आणि मी दातांतलीच आहे! खुणा पुन्हापुन्हा बघितल्या. बेस निम्म्यावर, मिडल दोन तृतीयांश आणि ट्रेबल पार शेवटाला. शेवटाला, मामा. चवीपुरतं म्हणणारा तू.

वाटेत आपटून काही सरकलं का? चार वेळा फोन केला. तू पुन्हा बरं बरं म्हणालास.

रविवारी सराव.

घुमी

*

खोलीवरून,
८ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी राहिले! आधी तेवढं वाच आणि घड्याळजीला सांगून ये.

काल चष्मेवाल्याने आणि ड्रायव्हरकाकांनी मिळून ती पेटी वर चढवली, तुझा उद्धार करत. खुर्चीवर ठेवली. पहिलं गाणं तुझ्या खुणांवरच वाजवलं. ऐकू तर मी लख्ख आले, पण नर्सबाईंनी कानावर हात ठेवला. मग मी तुझी आज्ञा मोडली. बेस आणि मिडल खुणेवरच ठेवले, फक्त ट्रेबल खाली आणला, निम्म्याच्याही खाली. आणि मग बसला रे आवाज. ढोलाच्या वर, गिटारच्या खाली, बरोबर तू सांगितलेल्या जागेत. खोलीत एकटा ऐकला तर जरा कोरडा वाटतो, पण चौघांत तो माझा वाटतो. गाणं संपल्यावर ड्रायव्हरकाकांनी माझ्यासाठी चहा ओतला. म्हणजे झालं.

आता दुसरं. रात्रभर मनात होतं, लिहू की नको. दोन नॉब तू इतके अचूक लावलेस की माझा हात लागला तर बिघडावेत. तिसराच कसा चुकला? वरचे बारीक सूर तुला ऐकूच आले नसतील, म्हणून तू वाढवत गेलास, शेवट येईपर्यंत. आणि फोनची लाइन, मामा. आईचा फोन त्याच लाइनवर येतो, तिला तर खरखर ऐकू येत नाही.

चुकत असेन तर कान उपट. नसेन तर लिही. मी कोणाला सांगणार नाही. तशीही घुमीच आहे.

तुझी,
घुमी

*

दुकानातून,
१२ मार्च

चि. घुमीस,
अ. उ. आ.

कान उपटत नाही. उपटून काय उपयोग, माझेच गेलेत.

तीन वर्षं झाली. आधी पक्षी गेले, मग दारावरची घंटी, मग बायकामुलांचे आवाज. पुरुषाचं बोलणं समोर असला तर कळतं, फोनवर काही नाही. लाउडस्पीकरवाला बहिरा, म्हणजे दिव्याखाली अंधार. कळलं तर कोण देईल काम? म्हणून झाकली मूठ ठेवली. लोक बोलतात, मी बरं बरं म्हणतो. बहुतेक ठिकाणी ते चालून जातं, हे तुला म्हणून सांगतो.

एका ठिकाणी चाललं नाही. तुझ्या मामीचा आवाज मुळात बारीक. शेवटच्या महिन्यात तर श्वासाएवढाच उरला होता. ती खाटेवरून तासन्‌तास बोलायची आणि मी शेजारी बसून मान हलवायचो. मला एक शब्द कळत नव्हता, घुमे. सांगायची लाज वाटली. वाटलं, बरी झाली की सांगू. ती काहीतरी मागत असेल, काही सांगत असेल, आणि मी मान हलवत होतो. रोज दुकान बंद करताना हेच येतं डोक्यात.

तुझा आवाज बसला, माझं काम झालं. ट्रेबलवरची खूण खरवडून टाक. कार्यक्रमाला बोलावू नकोस. येऊन काय ऐकू?

सुखी राहा. चौघांत राहा.

मामा

*

खोलीवरून,
१५ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं. कानात बोळे घालणाऱ्या बाईंनी बोळे काढले आणि मला पाणी आणून दिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला.

आता मी सांगते ते नीट वाच. मामीच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्या पायाशी बसायचे, आठवतं? तू औषध आणायला उठलास की ती माझ्याशी बोलायची. एकदा हसून म्हणाली, ह्याला माझं काही पोचत नाही ग, पण मान बघ कशी इमानाने हलवतो. मी म्हटलं, थांब, मामाला रागावते. तर म्हणाली, नको, हलवू दे, तो बसलाय ना शेजारी, मला तेवढं पुरतं. मला वाटलं, नवऱ्याचं लक्ष नसतं ही नेहमीची तक्रार. खरं काय ते मला तुझ्या ट्रेबलच्या खुणेने सांगितलं. तिला माहीत होतं, मामा. आणि ती मागत काही नव्हती. बहुतेक वेळा शेजारणीच्या चुगल्या असायच्या. तुझं फार काही बुडालेलं नाही.

आणि येऊन काय ऐकू, हे तू मला विचारतोस? तुझे वरचे सूर गेलेत. खालचे शाबूत आहेत, नाहीतर बेसचा नॉब तसा लावताच आला नसता. मी खालचेच वाजवते. पेटीशेजारी एक रिकामी खुर्ची मांडणार आहे. २१ तारीख, संध्याकाळी पाच. बस घड्याळजीला बघून द्यायला सांग.

खूण खरवडणार नाही. वाट बघते.

तुझी,
घुमी

*

दुकानातून,
२४ मार्च

चि. घुमीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. बसमध्ये ड्रायव्हरकाकांनी दिलेला डबा संपवला. जेवतोय, आईला कळव. कानाच्या डॉक्टरकडे पुढच्या बुधवारची वेळ घेतलीय. घड्याळजीला सगळं सांगितलं, तर म्हणतो, वर्षभर ठाऊक आहे, म्हणूनच ओरडून बोलतो. मला वाटत होतं त्याचा स्वभावच तसा.

त्या दिवशी निघायच्या गडबडीत बोलणं झालं नाही. नर्सबाई गात होत्या, ओठ हलताना दिसत होते, मला एक शब्द आला नाही. गिटार भिंतीपलीकडे वाजावी तशी. पण तुझा सूर न् सूर मला आला. खुर्चीतून, पायांतून, आणि कानांतूनही. तिसऱ्या गाण्यात मधेच एक सूर चुकलीस, तोही आला. बाकी कुणाला कळला नसेल, बढाई मारत नाही.

तुम्ही सगळे सामान आवरत होतात तेव्हा मी पेटीपाशी गेलो होतो. बाटली खिशातून आणली होती. ट्रेबलवर जिथे तू नॉब ठेवला होतास तिथे नवी खूण केलीय. जुनी पण राहू दे.

तू वाजवताना दोन-तीनदा माझ्याकडे बघितलंस आणि मी मान हलवत होतो. तुला शंका आली असेल. या वेळी ऐकून हलवत होतो.

रविवार चुकवू नकोस. लोभ तिथे आहेच, इथेही खूप आहे.

मामा