एकही फोन आला नाही

मंगळवार, ९ तारीख

चिरंजीव धाकटोबास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण एवढंच, की फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, आणि कागदाला मधेच तोंड घालता येत नाही. मी बरी आहे. तूही असशील. आईचा घसा अजून बसलेलाच आहे.

तू सांगितलीस तशी चाचणी चालू आहे. आपल्या रेडिओ केंद्रावर आईची सकाळची ‘विचारपूस’ बंद, दिवसभर नुसती गाणी, आणि श्रोत्यांना एका शब्दाने कल्पना द्यायची नाही. आईचा घसा बसला म्हटल्याबरोबर तूच म्हणालास, की अनायासे संधी आहे, बघूया तरी तिच्यावाचून कोणाचं अडतं का. मी ‘हो’ म्हटलं ते तुझं पटलं म्हणून नाही. मला वाटलं, फोन वाजून वाजून फुटेल आणि तुझी चांगली जिरेल. सकाळी आठला आई बोलली नाही तर कोणाचं मांजर हरवलं, कोणाची लेक बाळंत झाली, कोणत्या आळीत आज नळाला पाणी नाही, हे या लोकांना सांगणार कोण?

फोन वाजला नाही. एकही नाही. केंद्रातले मशीनवाले काका सारखा रिसीव्हर कानाला लावून बघतात, लाइन चालू आहे. गेल्या आठवड्यात मी त्यांना दोनदा रस्त्यावर पाठवलं, जरा कानोसा घ्या म्हणून. ते हिरमुसून परत आले. म्हणाले, “लोक मला बघून मान खाली घालतात.”

माझ्याशीही तसंच वागतात. केंद्राच्या जिन्याखालचा चहावाला तुला आठवतो ना? त्याचं तोंड आणि त्याचा स्टोव्ह, दोन्ही दिवसभर चालू. त्याने परवा माझ्यापुढे कप सरकवला आणि पाठ फिरवली. आईबद्दल चकार शब्द नाही. मी काय समजायचं ते समजले. आपलं काही अडत नाही हे तोंडावर सांगायची लाज वाटते बिचाऱ्यांना.

तेव्हा तुझंच खरं निघालं. गाण्यांचं केंद्र करायचं तर करू. शनिवारपर्यंत कागदावर दोघांच्या सह्या हव्यात, माझी मी आज करून ठेवते. ‘विचारपूस’ तिथे संपली.

आईला अजून सांगितलेलं नाही. पण रेडिओ तिच्या उशाशीच असतो. रोज संध्याकाळी मी आले की ती माझ्याकडे बघते, कोणाचा फोन आला का म्हणून. मी नकारार्थी मान हलवते. मग ती भिंतीकडे तोंड करते. म्हणजे मी तिला कुशीवर वळवते. घसा बसला की माणूस फार थकतं.

मागच्या खेपेला तू तिला म्हणालास, “तुझी बडबड ऐकतं कोण?” आणि ती म्हणाली, “मी आडवी झाले तरी याला कळवायचं नाही.” दोघंही शब्दाचे पक्के, आणि मधल्या मधे मी. असो. झालं ते झालं.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

***

शुक्रवार, १२ तारीख

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी. आधी खाली बस आणि मग वाच.

घसाबिसा काही नाही. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी केंद्रावर निघाली होती, चपला घालायला वाकली ती तशीच खाली बसली. वाचा गेली. तेव्हापासून दवाखान्यात आहे. मी तिथेच झोपते, तिथेच अंघोळ करते आणि तिथूनच केंद्रावर जाते. मागचं पत्र तिच्या खाटेला टेकून लिहिलं. पहिल्याच दिवशी तुला खरं सांगायला फोन हातात घेतला, तर तिने डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. शब्दाची पक्की म्हटलं ना. म्हणून तुला घशाचं सांगितलं. शपथ तिची असली तरी थाप माझी होती. तू रागाव, तुझा हक्क आहे.

आता त्या न आलेल्या फोनांचं ऐक.

काल पहिल्यांदाच घरी गेले, तिची लुगडी आणायला. समोरच्या शिवणवाल्या काकूंनी मला बघितलं आणि दार लावून घेतलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता यांना काय झालं? जाऊन कडी वाजवली. त्या बाहेर आल्या त्या डोळे पुसतच.

“आई गेली,” त्या म्हणाल्या, “आणि तू घराला कुलूप घालून तिकडे गाणी लावत बसलीस. मी म्हटलं, असेल बाई, ज्याचं त्याचं दुःख वेगळं. पण दारात एक माणूस तरी ठेवायचं गं. लोक येऊन येऊन परत जातात.”

“कोणाची आई गेली?” मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मला हाताला धरून आत नेलं. शिवणयंत्राच्या शेजारी, कापडाच्या गठ्ठ्यांवर, खिडकीत, जिकडे तिकडे डबे. लोक रोज येत होते. आपल्या बंद दारासमोर पायरीवर बसत होते, आणि उठताना काकूंकडे डबा देऊन जात होते. काकू ते घासूनपुसून ठेवत होत्या, परत कोणाला द्यायचे ते कळेना म्हणून.

काकूंनी रुग्णवाहिका पाहिली होती. आणि त्याच सकाळी आठ वाजता मशीनवाल्या काकांनी घाबरून, हाताला लागेल ते म्हणून, बासरी लावली. कुठली बासरी ते तुला सांगायला नको. बाबा गेले तेव्हा आईने लावली होती ती. तेव्हापासून इथे कोणीही गेलं की ती नाव सांगते आणि ती बासरी लावते. त्याआधी काय म्हणते, आठवतंय? लहानपणी आपण तिची नक्कल करायचो. “आज त्या घरी फोन करू नका. आवंढा गिळून फोनवर बोलणं कोणाला जमत नाही. दाराशी जा, घटकाभर बसा.”

सगळ्यांनी तिचं ऐकलं रे. ती बोलत नव्हती तरी ऐकलं. आणि आपण दोघं शहाणे, न वाजणाऱ्या फोनकडे बघून तिची किंमत ठरवत होतो.

आज सकाळी आठला मी माइकपुढे बसले. मी म्हटलं, “आई आहे. तिला बोलता येत नाहीये, पण आहे.” पुढचं ठरवलेलं सगळं विसरले. मग जो फोन सुरू झाला तो काकांना घोटभर पाणी प्यायची उसंत देईना. चहावाला जिना चढून वर आला, आधी रडला आणि मग मला मनसोक्त शिव्या घातल्या. बरं वाटलं मला. दवाखान्यात गेले तर नर्सने सांगितलं, आईने डाव्या हाताने स्वतः रेडिओचा आवाज वाढवला, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाई कुरकुरल्या तरी कमी करू देईना.

माझी सही केलेला कागद मी फाडला. तुझ्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. दुपारी आपण तेच तेच दळत बसतो, तिथे हवी तेवढी गाणी घाल, मी आडवी येणार नाही. सकाळचा तास मात्र राहणार. त्यात बोलायचं कोणी, हे मला माहीत नाही. मला ते जमत नाही, आज लोकांनीच उलट फोनवर माझी समजूत काढली. तुझ्या बोलण्यात आईची ढब आहे. आजवर तोंडावर म्हटलं नाही, कारण तू लगेच शेफारतोस.

पण ते मागाहून बघू. डॉक्टरांनी आज मला बाजूला घेतलं. म्हणाले, दुसरा झटका कधीही येईल, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. हे मी फोनवर सांगणार होते. नंबरही लावला. पण तू “ताई, काय झालं?” म्हणाला असतास आणि माझ्याने पुढे बोलवलं नसतं. म्हणून तुझ्या शहराकडे निघणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात हे पत्र देतेय. तो ‘विचारपूस’ ऐकणारा आहे. म्हणाला, घर शोधून नेऊन देतो.

आज मी तिला विचारलं, “धाकट्याला कळवू?” या खेपेला तिने माझं मनगट धरलं नाही.

हे वाचल्या वाचल्या तुझा हात फोनकडे जाईल. फोन करू नकोस. आईचा तो नियम माणूस गेलेल्या घरासाठी आहे, मी तुला तो जरा आधी लावतेय. दाराशी ये.

आशीर्वाद आहेतच.

वाट बघणारी,
ताई