फाइलीतलं तुझं नाव

प्रिय ऋजुता,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून अकोल्याच्या पत्त्यावर हे लिहिते आहे. आधी सांगते, मी ठीक आहे. पण मागच्या आठवड्यात माझी पीएचडी हातची जायची वेळ आली होती, आणि तीही तुझ्या नावामुळे.

आपल्या विभागासाठी तू जो टेम्प्लेट बनवला होतास, त्यातच मी प्रबंध बसवला. सगळेच बसवतात. विद्यापीठाची नियमावली वाचून डोकं धरायची पाळी यायची: डावीकडे बाइंडिंगपुरता जादा समास, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, तक्त्यांची वेगळी यादी. तू ते सगळं एका कोऱ्या फाइलीत करून ठेवलंस आणि आम्ही त्यात नुसता मजकूर भरत गेलो. प्रबंध जमा झाला, व्हायवाची तारीख लागली, पप्पांनी महूत सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलं. आणि मग आपल्या गाइडनी, वासुदेव सरांनी, मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. माझ्या फाइलीच्या माहितीत लेखक म्हणून तुझं नाव दिसत होतं. मी प्रबंध दुसऱ्याकडून लिहून घेतला, अशी कुणीतरी तक्रार केली होती. व्हायवा थांबवून चौकशी समिती नेमली होती.

सर म्हणाले, ऋजुताने टायपिंग करून दिलं म्हणून सांग, माफी माग, मिटून जाईल. टेम्प्लेट वापरायला त्यांनीच तर सांगितलं होतं. ते तुम्ही समितीला सांगाल ना, असं मी विचारलं, तर ते, आधी माफीचं लिहून आण, एवढंच म्हणाले. राऊ गावातल्या माझ्या खोलीवर परतताना बसमध्ये मला सरांचं म्हणणं सोपं वाटू लागलं होतं. तू इथे नाहीस, तुझं काय बिघडणार, असंही मनात येऊन गेलं.

समितीच्या प्रमुख यमुना मॅडम, दुसऱ्या विभागाच्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "ये ऋजुता कौन है?"

सर शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "मॅडम, टेम्प्लेट उसका है. लिखा मैंने है."

मग परवानगी घेऊन तीच कोरी फाइल उघडली, एक ओळ टाइप केली, सेव्ह केली. लेखक, ऋजुता. एका सदस्यांचं तेवढ्याने समाधान होईना. तेव्हा मॅडमनी विभागातले आधीचे प्रबंध मागवले आणि क्लार्क एकेक फाइल उघडत गेला. शिवांगीची, ऋग्वेदची, त्याआधीच्यांची. सगळीकडे तूच. त्यानंतर माझ्या प्रकरणांवर उलटसुलट प्रश्न सुरू झाले. माझ्या मुलाखतींत फौजी वस्तीतल्या कुठल्या आजीने काय सांगितलं, ते मी एकेकीचं नाव घेऊन सांगत गेले. शेवटी तक्रार फेटाळली गेली.

उठता उठता मॅडमनी सरांना विचारलं, "और उसकी अपनी थीसिस?"

तिने सोडून दिलं, असं सर म्हणाले. तेवढं मला ऐकवलं नाही. मी सांगितलं, तिने सोडलं नाही. आईला अर्धांगवायू झाला, करणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिचा रजेचा अर्ज सरांनी पुढे पाठवलाच नाही. सरांसमोर सांगितलं. त्यांनी नंतर माझ्याकडे बघितलंही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. मॅडमनी क्लार्ककडून तुझी नोंद काढवून घेतली. तुझी नोंदणी रद्द झालेली नाही, जूनअखेरपर्यंत चालू आहे. त्याआधी तू मुदतवाढीचा अर्ज दिलास तर त्या स्वतः तुझ्या गाइड व्हायला तयार आहेत. मिल कामगारांवरचं तुझं निम्म्याहून जास्त काम झालेलं आहे, ते मी त्यांना सांगितलंय. तुझी आई गेल्यापासून तुला कशातच जीव वाटत नाही, हे मला इथूनही कळतं. मी घाई करते म्हणून तुला राग येईल. येऊ दे. माझ्या खोलीत दुसरी खाट मोकळी आहे. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर तेवढं सांगायला तरी फोन उचल.

तुझीच,
संबोधी