जिवतीच्या भिंतीवर खवल्या

२४ जुलै, गुरुवार

घरात पाय ठेवायला जागा नाही. दोरीवर ओले कागद, कणगीवर कागद, माझ्या बाजेवर सुद्धा कागद – आणि प्रत्येकावरून एकच जनावर माझ्याकडं बघतंय. खवल्या मांजर. आज दिव्याची आवस, दिवे घासून मांडायचे तर मांडू कुठं?

माझी आजी म्हणायची, खवल्या दिवसा दिसला की घरातलं माणूस जातं. मसणवट्यात उकरतो म्हणे. आणि माझ्याच नातीनं तो घरात आणला, कागदावर का होईना. सकाळी डोळे उघडले तर तोंडासमोर हा. मी बाजेवरून उडालेच. तनुजा हसून हसून लोळली. "आजी, ते मुंग्या खातं गं. दात पण न्हाईत त्याला." म्हटलं, दात मला तरी कुठं राहिलेत, म्हणून मला कुणी भीत नाही का?

पण पोरगी हुशार. नांदेडला चित्रांच्या कॉलेजात शिकते. रबरासारखी जाड पट्टी असते, तिच्यावर चित्र कोरायचं, शाई फिरवायची, कागद ठेवून वरून घासायचं. कागद उचलला की जनावर हजर. कॉलेजात त्याला लोखंडी मशीन आहे, चाक फिरवलं की छाप. आमच्याकडं काय, स्टीलची वाटी. वाटीच्या बुडानं मी पण घासले बरं का. एका छापात खवल्याचं नाक फिसकटलेलं आलं, तो माझा. तनुजा म्हणाली, "राहू दे आजी, याला सर्दी झालीय."

चित्रात खवल्या माय आहे. तिच्या शेपटीवर पिल्लू बसलेलं. ते तसंच बसतं म्हणे, आपण लेकरू कडेवर घेतो तसं. खाली लिहिलंय – हिला पकडू नका, मारू नका, गुन्हा आहे. आणि फॉरेस्टवाल्यांचा नंबर. ह्या जनावराची खवलं औषधाला जातात म्हणून माणसं ते संपवून राहिलेत, असं ती सांगत होती. खवलं म्हणजे आपली नखंच की. नखं खाऊन कोण बरं झालंय?

संध्याकाळी तिचा हात मनगटापाशी सुजला. वाटीनं घासून घासून. श्रीमंत – माझा लेक, तिचा बाप – उंबऱ्यावर बसून बघत होता. म्हणाला, "ती मशीन कुठं भेटती?"

"पप्पा, आपल्याला झेपणार न्हाई ती."

तो उठून गोठ्यात गेला.

२५ जुलै, शुक्रवार

पहिला श्रावणी शुक्रवार. आणि मी घोळ घातला.

वाण्याकडं लेकरं राखणाऱ्या जिवतीचे कागद आले होते ते गळतीत भिजून एकाला एक चिकटले. बायका रिकाम्या हातानं परत. तनुजानं माझ्याकडं गठ्ठा दिला – शाळा, देऊळ, दुकान, इतक्या ठिकाणी लाव म्हणाली. मी आपली वाटेत गल्लीतल्या मैनाबाईकडं टेकले. तिनं कागद उलगडला. "काय साखराबाय, यंदा जिवती काळीच का?"

मी सांगणारच होते. पण तिनं डोळे बारीक करून बघितलं. "लेकरू घेतलंय बया पाठीवर. मायच हाय." आणि मी तोंड उघडेपर्यंत खळ लावून भिंतीला चिकटवला. कुंकू लावलं, आघाड्याची माळ घातली. आता हात जोडलेल्या बाईला मी काय सांगू, की बाई हे मांजर आहे? दुपारपर्यंत बायकांनी माझा गठ्ठा वाटून घेतला आणि आमच्या गल्लीत घरोघर खवल्या. नैवेद्याला गूळ-फुटाणे.

तनुजा कपाळाला हात लावून बसली. "आजी, हा देव न्हाई, माहितीचा कागद हाय. सगळ्यांनी फोन नंबरावरच कुंकू लावलंय."

तेव्हा सून बोलली – वर्षाराणी. ही बाई दिवसाकाठी चार शब्द बोलते, तेही म्हशीशी. म्हणाली, "राहू दे की. देव म्हणून तरी भिंतीवर राहील. माहितीच्या कागदात वाणी भजे बांधतो." आणि आमच्या देवळीशेजारी तिनं पण एक लावला. तो नेमका माझा, सर्दी झालेला.

वर्षाचं जिवतीचं लई कडक असतं. एवढी एकच पोर. तनुजा नांदेडला असली की ही श्रावणातल्या शुक्रवारी अंगणात उभी राहून अक्षदा टाकते, नांदेडच्या अंगाला. लेकरू परगावी असलं की तसंच करायचं असतं. आज लेकरू समोर होतं, पाटावर बसवून ओवाळलं. दिशेला टाकायचं कामच पडलं नाही. बघून मला बरं वाटलं. घर भरल्यासारखं.

२७ जुलै, रविवार

आज एक माणूस आला मोटरसायकलवर. आपल्या गावचा नाही. शाळेच्या भिंतीवरचा कागद मोबाईलमध्ये ओढून घेतला. मी पाराजवळ बसले होते. म्हणाला, "आजी, चित्र भारी हाय. कुणी काढलं?"

झालं. नातीचं नाव कुणी काढलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही. तिचं कॉलेज, तिचं बक्षीस, वाटी, सुजलेला हात, सगळं सांगितलं.

"पण हे जनावर हितं खरंच हाय, का नुसतं चित्र?"

"खरं न्हाई तर काय, लेकरू खोटं काढील? डोंगराच्या अंगाला बिळं हायत की. आमच्या श्रीमंतला ठावं हाय."

तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. मग विचारलं, "श्रीमंतरावाचं घर कोणतं?" आणि मी हात करून दाखवलं.

आत्ता लिहितेय ते त्याच हातानं.

२८ जुलै, सोमवार

मोटरसायकल वाजली की दारामागं होते. श्रीमंत जेवताना मान वर करत नाही. तनुजानं विचारलं, "पप्पा, बरं न्हाई का?" – "हाव, डोकं दुखून राहिलं."

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. वारुळाला जाऊन आलो. दूध, लाह्या. आजच्या दिवशी आमच्यात चिरणं नाही, तळणं नाही, आणि जमिनीला तर हत्यार लावायचंच नाही. मातीच्या पोटात कोण असेल, कुणाला लागेल – म्हणून. श्रीमंतला हे मी दूध पाजता पाजता शिकवलंय.

दिवेलागणीला तो आला. खांद्यावर कुदळ. मातीनं भरलेली.

"आजच्या दिवशी उकरलं?"

"बांध फुटला व्हता, माय."

आमचं रान काळं आहे. कुदळीची माती तांबडी होती. तांबडी माती फक्त डोंगराकडं.

मी दुसरं काही विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, ही भीती वाटली.

३० जुलै, बुधवार

अक्षर वाकडं येतंय. यायचंच.

तनुजा शाळेत पोरांना छाप शिकवायला गेली. वर्षा खुरपायला. श्रीमंतही बाहेर. मी एकटी. गोठ्यातून आवाज यायला लागला – खर्र, खर्र. थांबायचा, परत खर्र. मला वाटलं, काल जमीन उकरली, नाग बदला घ्यायला आला. देवाचं नाव घेत घेत गेले. कडब्याच्या मागं निळा ड्रम. वर फळी, फळीवर जात्याचं जड दगडी पेड.

पेड हलवायची माझ्यात ताकद नाही. फळी चार बोटं सरकली तेवढीच. पत्र्याच्या भोकातून ऊन येतं, त्यात बघितलं.

चित्र खरं झालं होतं.

नुसता गोळा. खवलं एकावर एक, आमच्या पोरीनं कोरली तशीच. मी बघत राहिले. गोळा जरा सैल झाला आणि आत दुसरं काही हललं. एवढीशी शेपूट. पांढरट खवलं, लेकराच्या नखासारखी. पिल्लू पोटात घेऊन ती गोळा झाली होती.

मी तिथंच कडब्यावर बसले. आजीचं बोलणं आठवलं – दिवसा दिसला की माणूस जातं. कोण जाणार? श्रीमंत जेलात जाणार, नाही तर काय? आणि त्याला धाडणार कोण? त्या कागदावरचा नंबर. तनुजाला कळलं तर ती फोन केल्याशिवाय राहायची नाही. आणि नाही केला तर परत हातात कोरणी धरायची नाही. मला दोन्हीची भीती वाटते. कोणती भीती जास्त, ते ठरेना.

वारुळाची मूठभर माती आणून फटीतून टाकली. काल पूजलेलं वारूळ आज मी फोडलं. त्यात मुंग्या होत्या. नागदेवा, माफ कर.

३१ जुलै, गुरुवार

श्रीमंतला गोठ्यात गाठलं.

"तो ड्रम कशाचा रे?"

तो खोटं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. "माय, तू ह्यात पडू नको. शनिवारी तो माणूस येतो, घेऊन जातो. कुणाला कळत न्हाई."

"ज्याला मारू नका म्हणून पोरगी गावभर हिंडून राहिली, ते तू–"

"तिच्यासाठीच तर केलं. तिचा हात बघितला का तू? सुजून भोपळा झालाय. ती मशीन आली की बसल्या जागी छापंल. मी बाप हाय, वाटीनं घासताना किती बघू?"

मला रडू आलं आणि राग पण आला. म्हणणार होते – आत पिल्लू आहे. तिचं पण लेकरू आहे. जीभ चावली. तो एकच समजून चाललाय. दोन कळले तर त्या माणसाला दोन सांगेल. हे माझं पोटचं पोर, आणि मी त्याच्याबद्दल असा विचार केला. कुणावरच भरोसा राहिला नाही, माझ्यावर सुद्धा.

"सोडून दे रे. माझं ऐक."

"त्यानं घर बघितलंय, माय. तनुजाचं कॉलेज बी ठावं हाय त्याला. कुणी सांगितलं, काय म्हाईत. आता न्हाई म्हटलं तर?"

कुणी सांगितलं. मी सांगितलं.

मागं वळले तर दारात वर्षा. हातात दुधाची चरवी. कधीपासून उभी होती, कळलं नाही. श्रीमंत खाली बघायला लागला. ती मला म्हणाली, "आत्याबाई, चला. चुलीवर दूध हाय."

चुलीवर दूध नव्हतं. ते तिच्या हातातच होतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी

ड्रम आडवा. फळी एकीकडं, पेड एकीकडं. आत काही नाही.

श्रीमंत डोकं धरून बसलाय. "तो रातच्याला येऊन घेऊन गेला असंल. मला फसवलं." मला वाटतं तसंच झालं. गेली ती. पिल्लासकट गेली, कुठल्या तरी पोत्यात. मी वारुळाची माती टाकत बसले, पेड हलत नाही म्हणून रडत बसले. मैनाबाईला हाक मारली असती तर दोघींनी हलवलं नसतं का? भ्याले. लोक काय म्हणतील ह्याला भ्याले.

श्रीमंतचा मोबाईल वाजतोय. तो उचलत नाही. तिसऱ्यांदा वाजला.

तनुजा अजून झोपलीय. नखात शाई. उठल्यावर तिला काय दिसेल माझ्या तोंडावर?

दुपारी

श्रीमंतनं शेवटी फोन उचलला. तोच माणूस. "माल जागेवर हाय ना?" म्हणून विचारत होता. म्हणजे त्यानं नेली नाही!

श्रीमंत म्हणाला, "न्हाई. सुटलं ते. आता हिकडं येऊ नको. आलास तर कागदावरचा नंबर मला बी पाठ हाय." फोन ठेवून किती वेळ भिंतीकडं बघत होता. भिंतीवर सर्दीवाला खवल्या, वर कुंकू.

तो माणूस येईल का? काय सांगावं. दाराला कडी घालून बसलेय.

पण मग सोडली कोणी?

दिवेलागण

दुसरा श्रावणी शुक्रवार. वर्षानं पुरणाचे दिवे केले. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलीय. म्हणाली, विळी लागली. तनुजाला पाटावर बसवून ओवाळलं. लेकरू समोर, घरातच.

तरी ताट घेऊन अंगणात गेली. डोंगराकडं तोंड करून अक्षदा टाकली.

मग परत मूठ भरली. आणखी एकदा टाकली.

पिल्लाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.